घसरगाडी आणि ईराची शपथ

ती. आई,

'प्रिय' लिहीत नाही. तुम्ही होतात तेव्हा आपण दोघींनी एकमेकींना कधी प्रिय म्हटलं नाही. आता तुम्हाला उलट बोलता येत नाही म्हणून मी खोटं कशाला लिहू?

काल ईरा आणि मी परत इंगाच्या त्या रेनडिअरच्या फार्मवर जाऊन आलो. आत्ता प्रसाद ईराला मराठी शाळेत घेऊन गेलाय, घर रिकामं आहे, दाराशी बूट वाळताहेत, आणि मला तुमच्याशी भांडायचंय. कधीपासून भांडायचंय. पण तुम्ही इथून नागपूरला गेलात आणि नवरात्रात तिथून सरळ वरच गेलात. भांडायची सोयच ठेवली नाहीत. ही तुमची जुनीच पद्धत. शेवटचं वाक्य आपण बोलायचं आणि खोलीतून निघून जायचं.

आमच्या मिनिआपोलिसच्या घरात तुम्ही पाच महिने राहिलात. फ्रीझर उघडून म्हणालात, "हिच्याकडे भाज्यांनासुद्धा मरण नाही." माझ्या पोळ्या उजेडाकडे धरून बघितल्यात. चाळीस वर्षं शिवणक्लास चालवलेली बाई, प्रत्येक गोष्टीची उलटी बाजू बघायची सवय! माझ्या माहेरच्या साडीचा फॉलसुद्धा सोडला नाहीत. "कुणी लावला गं हा? घाईत होती वाटतं." मी लावला होता, आई. तुम्हाला माहीत होतं.

ते सगळं मी गिळलं. पोळ्यांचं काय, फॉलचं काय. पण विमानतळावर तुम्ही माझ्या मुलीला जे सांगितलंत, ते नाही गिळता आलं.

सुरुवात मात्र त्या फार्मपासून करायला हवी. कारण तिथे नेलं मी. कल्पना माझीच. ईराच्या शाळेत कुणीतरी सांगितलं होतं की उत्तरेला, डुलूथच्याही वर, एक सामी जमातीची बाई हिवाळ्यात शनिवारी मुलाबाळांसाठी आर्क्टिकचा दिवस ठेवते. रेनडिअर, बर्फावरची गाडी, तंबू, चूल. तिच्या पणजोबांचं कुटुंब पार नॉर्वेच्या वरच्या टोकाकडून रेनडिअर राखत इकडे आलं, आणि तिने ते चार-सहा रेनडिअर पाळून चालू ठेवलंय. मला वाटलं, आजी आणि नात एकत्र काहीतरी करतील. घरात बसून दोघी माझ्याविरुद्ध पत्ते खेळण्यापेक्षा बरं.

"मरायला थंडीत कशाला जायचं? फोटोत दिसतो की बर्फ," तुम्ही म्हणालात.

"आजी, प्लीज! देअर आर रेनडिअर्स!" ईरा म्हणाली.

आणि तुम्ही निघालात. माझ्यासाठी नाही, ते तुम्ही गाडीत दोनदा स्पष्ट केलंत. थर्मल, सलवार, त्यावर प्रसादचं जॅकेट, कानटोपी, मांडीवर तुमच्या त्या तिखटजाळ, कोथिंबिरीच्या पुडाच्या वड्यांचा डबा. वाटेत एका गॅस स्टेशनवर मी म्हटलं, "आई, बाथरूमला जाऊन येऊ या, पुढे काही नाही." तुम्ही म्हणालात, "मला काय ईरा समजलीस?"

ही मी मुद्दाम आठवण करून देतेय. हो, मुद्दामच.

इंगा, ती सामी बाई, आपल्याला फाटकाशी भेटली. उंच, तुमच्याहून दहाएक वर्षांनी लहान, निळा लोकरी अंगरखा आणि त्याला लाल-पिवळे काठ. तुम्ही नमस्कार वगैरे राहू दिलात आणि सरळ तिची बाही पकडून उलटी केलीत! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण ती हसली आणि तिनं दुसरी बाही पुढे केली. "हातावर विणलाय काठ," तुम्ही मला म्हणालात. "नीट काम आहे. आतून बघ." मी लग्न होऊन आल्यापासून तुमच्या तोंडून 'नीट काम आहे' हे पहिल्यांदा ऐकलं. तेही एका परक्या बाईच्या बाहीबद्दल.

मग तो तंबू. लाव्वू म्हणतात त्याला. मधे चूल, वर धूर जायला भोक, खाली बर्चच्या काटक्या आणि त्यावर रेनडिअरची कातडी. तुम्ही कातड्यावर बसायला नकार दिलात, म्हणून इंगानं लाकडाचा ओंडका दिला. तिनं कॉफीत चीजचे तुकडे टाकले, त्यांच्याकडे तशीच पितात. तुम्ही कपात वाकून बघितलंत आणि म्हणालात, "अगं बाई! कॉफीत पनीर पडलं हिच्या." मग चमच्यानं ते तुकडे काढून खाल्लेत, आणि तिला पुडाची वडी दिलीत. तिनं अख्खी तोंडात घातली, डोळ्यांत पाणी आलं, आणि तिनं दुसरी मागितली. तुम्ही खूश! इतक्या खूश की मला वाटलं, चला, जमलं. आज आपलं जमलं.

ती घसरगाडी होडीसारखी होती, लाकडाची, रेनडिअरला दोरानं बांधलेली. मोकळ्या माळावर एक फेरी, इंगा दोर धरून बाजूनं चालणार. मी नेहमीप्रमाणे पिशव्या धरून उभी होते. तुम्ही बसणार नव्हतात. पण ईरा बसली, तिनं हात पुढे केला, आणि तुम्ही एकदम, कुणाला काही न बोलता, तिच्या मागे जाऊन बसलात.

वळणावर तो रेनडिअर उधळला. फार नाही, लहान मूल शाळा सुटल्यावर पळतं तितका. इंगा बर्फात धावतेय, ईरा किंचाळतेय, आणि तुम्ही हसताय. आई, मी पंधरा वर्षं तुमची सून होते आणि मला तुमचं हसणं माहीत नव्हतं! तुम्ही नाकातून 'हं' करायचात, तेच तुमचं हसणं असं मी समजत होते. हे तर उचक्या देत, धाप लागत, पार पोटातून. सगळा माळ तुमच्याकडे बघत होता.

गाडी थांबली. ईरा उडी मारून उतरली. तुम्ही नाही उतरलात.

तुम्ही ईराला कॉफी आणायला पिटाळलंत आणि मला बोटानं खूण केलीत. "इकडे ये. जवळ ये. पुढे उभी राहा माझ्या." मी वाकले. तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "ओली झालेय मी."

मी काय केलं? आठवा ना. मी 'अरेरे' म्हटलं नाही. हसले नाही. प्रसाद पार्किंगमध्ये फोनवर होता, त्याला हाक मारली नाही. माझी शाल तुमच्या कमरेला गुंडाळली, तुम्हाला चिकटून चालत लाव्वूत नेलं. इंगानं एक नजर टाकली, बाकीच्या मुलांना बाहेर काढलं, पेटीतून एक करडी लोकरी पॅन्ट आणि कोरडे बूट काढले. बुटांत तिनं वाळकं गवत भरून दिलं, त्यांच्याकडे मोज्यांऐवजी तेच घालतात, ऊब राहते. ती इंग्रजीत काहीतरी सांगायला लागली. मी ते तुम्हाला सांगणार, तेवढ्यात तुम्ही हात वर केलात. "काही नको सांगू. कळतंय मला."

तुम्हाला काहीही कळलं नव्हतं. ती काय सांगत होती, ते शेवटी लिहिते.

मग, मी खाली बसून तुमच्या बुटाची नाडी बांधत असताना, तुम्ही माझा खांदा धरलात. "तुला ईराची शपथ आहे. कुणाला बोललीस तर. प्रसादला नाही, ईराला नाही, कुण्णाला नाही."

ईराची शपथ! दुसरी कसली सुचली नाही? माझ्या गळ्याची घालायची, देवाची घालायची. मी इथे दिवसभर एका हॉस्पिटलचे आकडे तपासते, लोकांच्या अंधश्रद्धांवर सहकाऱ्यांबरोबर जेवताना हसते. आणि ती एक शपथ मला मोडता येत नाही. ईराला ताप आला तरी मी आधी मनात तपासते, मी कुणाला काही बोलले तर नाही? तुम्हाला हे पक्कं माहीत होतं. म्हणूनच तुम्ही ती घातलीत.

बरं, घातलीत. मी पाळली. ईरानं विचारलं, "आजी, न्यू पॅन्ट्स?" तर मी म्हटलं, आजीला थंडी वाजत होती. दुसऱ्या दिवशी तुम्ही ती पॅन्ट दार लावून धुतलीत, तिची उसवलेली खालची पट्टी शिवलीत, आणि प्रसाद ऑफिसला गेल्यावर माझ्याकडे फेकलीत. "पोस्टानं पाठवून दे. आजच." मी पाठवली.

त्यानंतर तुम्ही माझ्याकडे बघणंच सोडलंत. मी खोलीत आले की तुम्ही खिडकीबाहेर बघायचात. मी जेवायला वाढलं की ताट प्रसादच्या हातून मागायचात. मी काय केलं होतं? तुम्हाला सावरलं होतं! तोच माझा गुन्हा. तुम्हाला तशा अवस्थेत मी बघितलं, आणि तुम्हाला घरात एक साक्षीदार नको होता.

दोन आठवड्यांत तिकीट अलीकडचं करून घेतलंत. प्रसाद विचारत राहिला, "आई, झालं काय? मीनल काही बोलली का?" तुम्ही म्हणालात, "मी काय सांगणार बाबा." आई, एवढं वाक्य बोलून माणूस गप्प बसतो तेव्हा ऐकणारा काय समजतो, हे तुम्हाला कळत नव्हतं?

आणि विमानतळावर, सिक्युरिटीच्या रांगेअलीकडे, ईराला कुशीत घेऊन, मला ऐकू येईल इतक्या आवाजात: "तुझ्या आईला मी जड झाले गं."

मी तिथेच उभी होते. तोंडात शपथ धरून.

तुम्ही नागपूरला गेल्यावर ईरा तेरा वर्षांची झाली, आणि तेराव्या वर्षी मुली तशाही आयांशी कमीच बोलतात. ही बोलायचीच नाही. नवरात्रात नागपूरहून फोन आला, प्रसाद एकटा धावत गेला, तरी त्याला तुम्ही भेटला नाहीत. त्या रात्री नव्हे, पुढे एका साध्या मंगळवारी, दप्तर भरताना ईरा म्हणाली, "यू सेंट हर अवे. शी डाइड अलोन बिकॉज यू सेंट हर अवे." आवाज चढवून नाही. हवामान सांगावं तसं.

मी म्हटलं, "असं नाहीये, ईरा."

"देन व्हाय डिड शी लीव्ह?"

सांगा ना, आई. काय उत्तर द्यायचं होतं मी? तुम्ही एक वाक्य ठेवून गेलात आणि ते खोडायला एकच माणूस होतं, तुम्ही स्वतः, आणि तुम्ही तर राख होऊन नदीत गेलात.

आणि वर ती तुमचं गाणं गुणगुणते! त्या दिवशी, पॅन्ट बदलून तुम्ही ओंडक्यावर तोंड पाडून बसला होतात तेव्हा, इंगा तुमच्याकडे बघून गायला लागली होती, शब्दांशिवाय. त्याला योइक म्हणतात. ती ईराला म्हणाली की त्यांच्याकडे माणसाबद्दल गात नाहीत, ते माणूसच गातात. म्हणजे ते गायलं की तो माणूस तिथे हजर. ईरानं ते तिथल्या तिथे उचललं. आता शॉवरमध्ये, जिन्यावर, माझ्या गाडीत मागच्या सीटवर, सतत. खालच्या सुरात कुरकुरत सुरू होतं, नाकात शिरतं, मधेच उचक्या लागल्यासारखं उडतं आणि शेवट न होताच थांबतं. अगदी तुम्ही! माझ्या घरात, माझ्या मुलीच्या तोंडून, रोज तुम्ही. पोळी उजेडाकडे धरायचीच काय ती राहिलीय.

या हिवाळ्यात ईरानं परत तिथे जायचं म्हटलं. "आजीसाठी." माझ्यासोबत यायला ती राजी झाली, कारण प्रसादला काम होतं आणि बसनं जाता येत नाही. तीन तास ती कानात गाणी घालून बसली.

इंगानं फाटकाशी आधी तुमची चौकशी केली. मी सांगितलं. तिनं ईराला रेनडिअर सोडायला सोबत नेलं.

मी पिशव्या धरून उभी राहिले.

"आई," ईरा घसरगाडीत बसून म्हणाली, "यू नेव्हर सिट. आजी बसली होती. शी वॉज सेव्हन्टी-फोर. तू नुसती उभी असतेस."

मी का उभी असते, सांगू का तुम्हाला? ईरा झाली तेव्हापासून उडी मारली, जोरात शिंकले, खूप हसले, की माझंही तेच होतं. ट्रॅम्पोलिन पार्कमध्ये मी बाकावर असते. गरब्यात मी पाणी वाटते. पिशवीत कायम एक जादा लेगिंग असते. प्रसादला वाटतं, मला खेळायची आवडच नाही. मी लाव्वूत तुमच्यासमोर गुडघ्यावर बसले होते ना, तेव्हा तुम्ही शपथेऐवजी दुसरं काहीही बोलला असतात, तर मी तुम्हाला हे सांगितलं असतं. अगदी ओठांवर आलं होतं. आपण दोघी हसलो असतो, आई! पण तुम्ही घाईत होतात.

काल मी पिशव्या बर्फात ठेवल्या आणि ईराच्या मागे जाऊन बसले.

रेनडिअर वळणावर उधळला. तोच असेल, त्याला तेवढंच येतं. ईरा माझ्या अंगावर आडवी झाली, माझी टोपी उडाली, इंगा शिव्या घालत धावली. त्या शिव्या होत्या हे भाषा न कळताही कळत होतं. आणि मला हसू आलं. आवरलं नाही. किती तरी महिन्यांनी ईरा मला धरून हसत होती, मी कशाला आवरू?

गाडी थांबली. आता काय करायचं, ते मला माहीत होतं. जॅकेट कमरेला बांधायचं, पिशवी घ्यायची, गुपचूप जायचं. त्याऐवजी मी म्हटलं, "ईरा, थांब. हसता हसता मला शू झाली."

"व्हॉट?"

"शू. पी. बऱ्यापैकी."

"मॉम! ग्रोस!" मग ती माझ्याकडे बघत राहिली. "आर यू ओके? हे होतं का तुला?"

"तू झालीस तेव्हापासून."

"सो इट्स माय फॉल्ट. ग्रेट." आणि ती परत हसायला लागली, आणि माझा हात धरून तिनं मला उठवलं. लाव्वूपर्यंत माझ्या मागे चिकटून चालली, कुणाला दिसू नये म्हणून. तिला कुणी शिकवलं नव्हतं.

माझी जादा लेगिंगची पिशवी तिकडे बर्फातच राहिली होती. इंगानं पेटी उघडून तीच करडी पॅन्ट काढली. मला लांब होती. ईरा खाली बसून पॅन्टचे पाय दुमडायला लागली, आणि थांबली. तिनं पट्टी उलटी केली. आतून बघायची सवय तुम्हीच लावलीत तिला, बाहुलीच्या गोधडीवर हातशिलाई शिकवताना. बारीक तिरपे टाके, आणि संपल्यावर दोऱ्याची छोटी फुली.

"ही आजीची आहे," ती म्हणाली. चक्क मराठीत. "ही फुली आजीची आहे. आजीने ही पॅन्ट का शिवली?"

मी ओले कपडे गुंडाळायला लागले.

"आई?"

"मला सांगता येणार नाही, बाळा. शपथ आहे."

"कुणाची?"

"तुझी."

तिनं पॅन्टकडे बघितलं, माझ्या ओल्या कपड्यांकडे बघितलं, मग त्या ओंडक्याकडे. "शी वोअर दीज. तू म्हणालीस तिला थंडी वाजत होती." "ओह." मग अगदी हळू, "ओह, आजी."

मी एक शब्द बोलले नाही, आई. लक्षात घ्या. तुमचं गुपित फोडलं नाही मी. माझं फोडलं. तुमचं तुमच्या टाक्यांनी फोडलं.

तेव्हा इंगा चुलीपाशी कॉफीत चीज टाकत होती. ती काय म्हणाली माहितीये? तेच, जे त्या दिवशी तुम्ही ऐकून घेतलं नाहीत. "ही पॅन्ट मी ह्याच कामासाठी ठेवलीय. दर हिवाळ्यात लागते. मागे माझ्या भावालाही लागली होती." एवढंच! आई, एवढंच होतं ते! ह्यासाठी तुम्ही माझ्याकडे बघायचं सोडलंत? ह्यासाठी नातीचा एक उन्हाळा सोडलात, विमान पकडलंत, आणि जाता जाता मला तिच्यासमोर आरोपी म्हणून उभं केलंत?

परतीच्या वाटेवर ईरानं इअरफोन काढून ठेवले. निम्मा रस्ता गेल्यावर म्हणाली, "बट व्हाय डिड शी ब्लेम यू? दॅट्स सो मीन, यार. दॅट्स लाइक, रिअली मीन."

मी वर्षभर ह्या वाक्याची वाट बघत होते. कुणीतरी म्हणावं, तेही हिनं म्हणावं. आणि मी काय बोलले? मी म्हटलं, "तिला लाज वाटली गं. आयुष्यभर कुणासमोर खाली बघितलं नव्हतं तिनं. घाबरली असेल."

मी तुमची बाजू घेतली! माझ्या तोंडानं! ह्याचाही मला राग आहे. हा कुठल्या खात्यात टाकू, ते अजून ठरत नाही.

ईरा खिडकीबाहेर बघत बसली. मग गुणगुणायला लागली. कुरकुर, नाक, आणि मधला तो उचक्यांचा भाग. तेव्हा मला कळलं, इंगानं तिथे तुमचा हट्ट गायलाच नव्हता. वळणावरचं हसणं पकडलं होतं तिनं. मला वर्षभर ऐकूनही नव्हतं कळलं.

मी माफ केलेलं नाही. एवढ्यात होईल असंही वाटत नाही. पण दोन शब्द देते. प्रसादला हे कळणार नाही. ईराही बोलणार नाही, तिनं स्वतःहून सांगितलं. आणि माझं वय होईल, मी कुणाच्यातरी घरात ओली होईन, तेव्हा जी कुणी माझ्या बुटाची नाडी बांधत असेल, तिला मी कुणाचीही शपथ घालणार नाही. तिच्याकडे बघेन. डोळ्यांत.

पुढच्या हिवाळ्यात आम्ही परत जाणार आहोत. पुडाच्या वड्या मी करून नेईन. बिघडतील. तुम्ही नाकातून 'हं' करा.

तुमची सून,
जड न झालेली,
मीनल